कढईवरची परात आणि न वाजलेली बेल

गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला पाठवलेल्या अहवालात आम्ही दीड ओळ लिहिली होती : ‘किचन शेडमध्ये किरकोळ आग. वेळीच आटोक्यात. जीवितहानी नाही.’ त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तरीही शाळेच्या आपत्ती व्यवस्थापन समितीचा सदस्य म्हणून (हे पद माझ्याकडे आहे, हे मला त्या दिवसानंतर कळलं) मी पुढचे पंधरा दिवस एकेकाला गाठून तो प्रसंग पुन्हा जुळवत बसलो. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण कामी आलं. त्या कॅमेऱ्याचं घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे. म्हणून वेळा घड्याळाच्या न देता, स्वयंपाकातली मदतनीस ताई ओरडत शेडबाहेर आली तो क्षण शून्य धरून देतो आहे.

शाळा तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. पोषण आहार आठवीपर्यंत, म्हणजे आमच्याकडे साधारण 280 ताटं. किचन शेड मैदानाच्या कडेला, सहावीच्या खोलीला पाठ लावून. वर पत्रा, दार एकच. दारासमोरून पंधरा फुटांवर शाळेचं मुख्य फाटक. शेडच्या मागच्या भिंतीला मोडकी बाकं आणि तांदळाची रिकामी बारदानं रचलेली. हे सगळं आम्ही रोज बघत होतो. त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं.

त्या दिवशी मटकीची उसळ होती. स्वयंपाकाच्या मावशींनी मोठ्या कढईत फोडणीसाठी तेल तापत ठेवलं आणि तेवढ्यात तांदळाचा टेम्पो आला. कट्टे मोजून घ्यायला त्या दाराशी गेल्या. मदतनीस ताई कामावर येऊन महिनाही झाला नव्हता, ती मटकी निवडत होती. मावशी म्हणतात दोन मिनिटं, टेम्पोवाला म्हणतो दहा. खरं मधे कुठेतरी असेल. तेल अचानक पेटत नाही, आधी बराच वेळ धुरावतं, वास सोडतं. पण 350 अंशांच्या पुढे गेलं की त्याला ठिणगीची गरज उरत नाही, ते आपलं आपण पेट घेतं. शेगडीच्या ज्वाळेशी त्याचा काही संबंध नसतो, आणि म्हणूनच नुसती शेगडी बंद केल्याने ते लगेच विझतही नाही.

ताईने वळून पाहिलं तेव्हा कढईवर हातभर ज्वाळा होत्या. तिने शेजारची पाण्याची कळशी उचलली.

या ठिकाणी थोडं थांबतो, कारण इथून हे प्रकरण दोन दिशांना जाऊ शकत होतं. पाणी तेलापेक्षा जड. ते पेटलेल्या तेलावर पडलं की खाली बुडतं आणि तिथल्या उष्णतेने क्षणात वाफ होतं. एका लिटर पाण्याची साधारण 1,700 लिटर वाफ होते. ती वाफ वर येताना तेलाचे बारीक थेंब सोबत घेऊन उडते आणि प्रत्येक थेंब जळत असतो. अख्खी कळशी पडली असती तर दहा बाय बाराच्या त्या शेडमध्ये पत्र्यापर्यंत आगीचा लोळ उठला असता आणि ती पोर त्याच्या मधोमध सापडली असती. पाणी ओतावंसं वाटणं हा तिचा मूर्खपणा नव्हता. आग दिसली की पाणी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मी स्वतः तिथे असतो तर काय केलं असतं, याची मला आजही खात्री नाही.

मावशी दारातून ओरडल्या, “पाणी नको गं, तोंड भाजंल!” कळशी ताईच्या हातातून खाली पडली आणि ती बाहेर धावली. हा आपला शून्य सेकंद.

मावशी आत गेल्या. सिलिंडर शेगडीच्या डाव्या अंगाला होता, ज्वाळा उजवीकडे झुकलेल्या. त्यांनी आधी रेग्युलेटर बंद केला. मग भिंतीला टेकवलेली पोळ्यांच्या कणकेची मोठी पितळी परात घेतली, छातीपुढे ढालीसारखी धरली आणि आपल्या बाजूने पलीकडे सरकवत कढईच्या तोंडावर बसवली. वरून आपटली नाही. चित्रीकरणात शेडच्या आतलं दिसत नाही, पण समोरच्या भिंतीवर नारिंगी उजेड नाचताना दिसतो. चाळिसाव्या सेकंदाला तो उजेड जातो.

हे त्या कुठे शिकल्या? शाळेने शिकवलेलं नव्हतं. पोषण आहाराच्या कामाआधी त्या एका आचाऱ्याच्या हाताखाली लग्नाच्या पंगतींना जायच्या. “कढई पेटली की तिचं तोंड दाबायचं, दुसरं काय,” एवढंच त्यांचं शास्त्र. पण त्यांचा क्रम अग्निशमन दलातल्या माणसानेही मान्य करावा असा होता : आधी गॅस तोडला, मग हवा तोडली. परात आधी ठेवली असती आणि खाली शेगडी चालूच राहिली असती, तर झाकलेलं तेल आणखी तापत गेलं असतं. त्यांना गॅस बंद करता आला तो केवळ ज्वाळा दुसऱ्या बाजूला होत्या म्हणून. सिलिंडर उजवीकडे असता तर तिथे हात घालायला जाणं चूक ठरलं असतं. अशा वेळी दार ओढून घेऊन बाहेर पडणं एवढंच हातात राहतं.

आग विझली, असं चाळिसाव्या सेकंदाला म्हणता आलं असतं. पण मग आम्ही सगळे आलो.

क्रीडाशिक्षक सर मैदानावरच होते, ते सत्तराव्या सेकंदाला शेडमध्ये शिरताना दिसतात. त्यांच्यामागे दोन शिक्षक, टेम्पोवाला, दहावीची सात-आठ पोरं. एकाच्या हातात मोबाइल, जो शाळेत आणायला बंदी आहे. त्या घोळक्यात मीही आहे. आठवीच्या वर्गावर पायथागोरसचं प्रमेय अर्धं फळ्यावर टाकून, पंचेचाळीस मुलांना “बसा गप” म्हणून मी बघायला धावलो होतो. चित्रीकरणात स्वतःला त्या गर्दीत मान उंचावून पाहताना पाहिलं, तेव्हा जरा वेळ काही बोलवेना.

आत सरांनी पकडीने परात उचलली. हेतू वाईट नव्हता. “विझली का बघतो,” असं ते म्हणाल्याचं मावशींना आठवतं. झाकलेलं तेल विझलेलं दिसतं, पण ते पेटण्याइतकं गरमच असतं, फक्त हवेची वाट बघत असतं. झाकण निघालं, हवा गेली, भडका उडाला. एकशेदहाव्या सेकंदाला भिंतीवर पुन्हा उजेड येतो, या खेपेला पहिल्यापेक्षा मोठा. दहा सेकंदांनी सर उजवा हात धरून बाहेर पडतात. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं, भुवया गेल्या. त्या दिवसातली भाजण्याची एकमेव इजा ही, आणि ती आगीने पहिल्या झटक्यात केलेली नव्हे, तपासणीने केलेली. परात मावशींनीच पुन्हा बसवली. या वेळी त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता कुणी हात लावायचा नाही.” त्या आवाजानंतर कुणी लावलाही नाही.

कुणीतरी टूथपेस्ट आणा म्हणालं. विज्ञानाच्या बाईंनी ते मोडून काढलं आणि सरांचा हात टाकीच्या नळाखाली धरायला लावला, घड्याळ लावून वीस मिनिटं. सर तिसऱ्या मिनिटाला कंटाळले होते. डॉक्टर नंतर म्हणाले की जखम खोल न जाण्यात त्या पाण्याचा मोठा वाटा आहे. बर्फ नाही, हळद नाही, पेस्ट नाही. साधं वाहतं पाणी, आणि हातातलं घड्याळ-कडं सूज यायच्या आत काढून ठेवणं.

आता अग्निशामक नळकांड्याची गोष्ट. आमच्याकडे दोन होती, सहा किलोची, कोरड्या रासायनिक पावडरची, काटा हिरव्या पट्ट्यात, तपासणीची चिठ्ठी ताजी. दोन्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत दाराआड. बाहेर ठेवली तर मुलं पिन काढतात, हे कारण. ते खोटंही नाही. एक नळकांडं क्लार्क भाऊसाहेबांनी धावत आणलं, दारात उभं राहून जोर लावून दाबलं, आणि काहीच आलं नाही. पिन तशीच होती. तिला बांधलेली प्लॅस्टिकची सीलसुद्धा.

मला वाटतं, नाही आलं ते बरं झालं. हे विचित्र वाटेल, म्हणून खुलासा करतो. ते तीन फुटांवर उभे होते. एवढ्या जवळून पावडरचा झोत थेट कढईवर मारला असता तर परात बाजूला झाली असती किंवा तेल उसळलं असतं. नळकांडं वापरायचं तर सात-आठ फुटांवरून सुरुवात, दार आपल्या पाठीशी, झोत ज्वाळेच्या मुळाशी, आणि झाडू मारल्यासारखा आडवा. सहा किलोचं नळकांडं पंधरा-वीस सेकंदांत रिकामं होतं. तेवढ्यात आग बसली नाही, तर दुसरं शोधत बसायचं नाही, बाहेर पडायचं. शिवाय ही पावडर ज्वाळा मारते, पण तेलाला थंड करत नाही, त्यामुळे तेलाची आग पुन्हा उठू शकते. स्वयंपाकघरासाठी ओल्या रसायनाचं वेगळं नळकांडं मिळतं. आमच्याकडे नव्हतं. पण ज्या कढईवर परात आहे, तिला कुठल्याच नळकांड्याची गरज नसते.

आतापर्यंत जे लिहिलं ते कढईचं. या प्रकरणात माझी झोप उडवणारा भाग व्हरांड्यातला आहे.

पंच्याऐंशीव्या सेकंदाला शिपाई मामा हेडसरांच्या समोर उभे आहेत. आवाज नाही, पण दोघांनीही संवाद सारखाच सांगितला : “सर, बेल देऊ का?” “थांबा जरा.” हेडसर भित्रे नाहीत. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी सरळ सांगितलं. चारशे मुलं एकदम सुटली तर चेंगराचेंगरी होईल, ही एक भीती. आणि दुसरी, गावात बोभाटा होईल. दुसरी त्यांनी स्वतःहून कबूल केली, याचं मला कौतुक आहे, कारण ती आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात असते आणि कुठल्याच अहवालात येत नाही.

तमिळनाडूतल्या कुंभकोणमला 16 जुलै 2004 रोजी मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातूनच आग निघाली होती. तिथे वर पत्रा नव्हता, झावळ्यांचं छप्पर होतं. आग वर्गांच्या छपरापर्यंत गेली आणि 94 मुलं गेली. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क धरलेला आहे, आणि शाळांमध्ये अग्निशमनाची साधनं व ती वापरण्याचं प्रशिक्षण असायलाच हवं. आमच्या दाराआडच्या नळकांड्यांचा उगम बहुधा त्या निकालाच्या मागोमाग आलेल्या कुठल्यातरी परिपत्रकात असेल. साधन पोहोचलं. प्रशिक्षणाची सही झाली, तारीख पडली, प्रशिक्षण झालं नाही. आमचा पत्रा बघून कुणी म्हणेल की कुंभकोणमची तुलना ओढूनताणून आहे. त्यांनी शेडमागची बारदानं आणि बाकं आठवावीत, आणि बाकांना लागून असलेली सहावीची खिडकी.

त्या सहावीच्या वर्गावरच्या बाईंनी बेलची वाट पाहिली नाही. खिडकीतून धूर आणि जळक्या तेलाचा वास आला, तशी त्यांनी दप्तरं राहू द्या म्हणून सांगितलं, हजेरीपट उचलला आणि पोरांना जोडीने, शेडच्या विरुद्ध दिशेला, मागच्या चिंचेखाली नेऊन मोजलं. पंचाण्णवाव्या सेकंदाला ती रांग पडद्यावरून जाताना दिसते. आमच्या मान उंचावलेल्या गर्दीच्या पाठीमागून. आम्हा कुणालाही ती दिसली नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, “मला आग किती मोठी आहे ते माहीत नव्हतं. म्हणून तर निघाले.”

हेडसरांनी “द्या बेल” म्हटलं तेव्हा तीन मिनिटं उलटली होती. मामांनी बटण दाबलं. बेल वाजली नाही. जरा आधी कुणीतरी शहाणपणाने मेन स्विच पाडला होता. योग्यच केलं होतं, शेडमध्ये दिवा आणि पंखा आहे. पण आमची बेल विजेची, आणि तिला बॅटरी नाही. कॅमेऱ्यालाही नाही. चित्रीकरण तिथेच संपतं, पुढचं लोकांच्या आठवणींवर आहे.

मामांनी मग जुना टोल बडवला, झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. वीज नसली की आम्ही तोच वाजवतो. पण तो सलग, जोरजोरात, कधी वाजतो? शाळा सुटताना. मुलांनी अर्थ लावायचा तो लावला. दप्तरं पाठीला, आणि आरडाओरडा करत फाटकाकडे धाव. म्हणजे शेडच्या दारावरून. कढईत अजून पेटण्याइतकं तापलेलं तेल, शेजारी भरलेला सिलिंडर, आणि पंधरा फुटांवरून शेकडो मुलं. आग चाळीस सेकंदांत एका बाईने दाबली होती, आणि आम्ही शिकल्या-सवरल्या लोकांनी पाचव्या मिनिटाला अख्खी शाळा तिच्या तोंडाशी आणून उभी केली. मागचं फाटक होतं. त्याला कुलूप होतं. किल्ली क्लार्क भाऊसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये, आणि भाऊसाहेब नळकांडं धरून शेडच्या दारात.

काही झालं नाही. पाचवीतला एक पडला, गुडघा सोलवटला. मोठ्या मुलींनी फाटकाशी कडं करून लहानांना बाहेर काढलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि 101 ला फोन? कुणीच केला नाही. मी एकेकाला विचारलं. निम्मे म्हणाले दुसऱ्याने केला असेल असं वाटलं, निम्मे म्हणाले एवढ्यासाठी कशाला. नगरपरिषदेचा बंब दोन किलोमीटरवर उभा होता. नंतर तिथल्या जवानांना भेटलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : “परात नसती तर किती वाजता फोन केला असता?” बोलावून परत पाठवणं त्यांना चालतं. आपल्याला मात्र उगाच बोलावलं म्हणवून घ्यायची लाज वाटते.

मावशींनी दुपारी दोनपर्यंत कढई उघडू दिली नाही. कढईच्या अंगाला बाहेरून हात लावता येईल तेव्हाच. मुलांना त्या दिवशी केळी दिली, हेडसरांच्या खिशातून.

पुढे काय बदललं, ते थोडक्यात. सिलिंडर शेडबाहेर जाळीच्या पेटीत गेला, नळी भिंतीतून आत. आता गॅस तोडायला आगीजवळ जावं लागत नाही. कढईच्या मापाचं लोखंडी झाकण, लांब दांड्याचं, दाराच्या आतल्या बाजूला टांगलंय. शेगडीच्या वर नाही, कारण आगीवरून हात घालून झाकण काढायचं म्हणजे तेच संकट. एक नळकांडं शेडच्या बाहेरच्या भिंतीवर आलं. बाकं आणि बारदानं हलली, त्यासाठी तीन पत्रं आणि एक निर्लेखन (मोडीत काढण्याचा) प्रस्ताव लागला. टोलाची खूण ठरली : तीन ठोके, थांबा, पुन्हा तीन. ऐकलं की दप्तर सोडून मागच्या चिंचेकडे, हजेरीपटासह. मागच्या फाटकाचं कुलूप शाळा भरली की उघडतं, आणि बेल द्यायला मामांना आता कुणाची परवानगी लागत नाही. शेवटच्या मुद्द्यावर बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला. उगाच वाजवली तर, असं दोघांनी विचारलं. उगाच वाजली तर मुलं चिंचेखाली दहा मिनिटं उभी राहतील, असं हेडसरच म्हणाले.

पहिल्या सरावाला सात मिनिटं लागली, तिसऱ्याला साडेतीन. बंबावरच्या जवानांनी येऊन मैदानात तव्यावर तेल पेटवून दाखवलं, आणि लांब काठीला बांधलेल्या डब्यातून त्यावर जेमतेम पेलाभर पाणी ओतलं. ज्वाळा माणसाच्या दुप्पट उंच गेली. मदतनीस ताई पहिल्या रांगेत होती. ती काही बोलली नाही, फक्त मावशींचा पदर धरून उभी राहिली. ओल्या रसायनाच्या नळकांड्याची मागणी केली आहे, ती अजून मंजुरीत आहे.

महिनाअखेरीला एक अडचण आली. साठा नोंदवहीत तेल जुळेना. ताटामागे पाचवीला 5 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 7.5 ग्रॅम या हिशेबाने त्या दिवशीचं जवळपास दोन किलो तेल खर्च झालं होतं, पण ताटं शून्य. तपासणीला आलेल्यांनी पेन तिथेच ठेवलं आणि मावशींना बोलावलं. तेल गेलं कुठे, असं विचारलं. मावशींनी नोंदवहीकडे पाहिलं, मग हेडसरांकडे. “जळालं,” त्या म्हणाल्या. नोंदवहीत तसा रकाना नव्हता. हेडसरांनी शेरा लिहून खाली सही केली, आणि त्या अहवालातली ‘किरकोळ आग’ पहिल्यांदा शाळेच्या दप्तरात तारखेसह नोंदली गेली, ती तेलाच्या हिशेबात.